पापण्यांचा प्रश्न

मला रागीट म्हणतात. म्हणू देत. जव्हारच्या बाजारपेठेत भावाच्या भांड्यांच्या दुकानावर, तापलेल्या पत्र्याखाली तीन जुने कॉम्प्युटर मांडून क्लास चालवायचा. समोर बसणारी पोरं कीबोर्डला बोट लावायलाही घाबरणार, शॉक बसेल म्हणून. अशा ठिकाणी गोड बोलून काय होतं? मी अनीसा. खाली दुकानात बसतो तो हारुनभाई, माझा थोरला भाऊ. तो म्हणायचा, ‘‘अनीसा, तुझा आवाज ऐकून गिऱ्हाईक पातेलं टाकून पळतं.’’ मी म्हणायचे, पळू दे.

ही गोष्ट २००३ सालची, ऑक्टोबरातली. भातं कापणीला आली होती. त्या वर्षी मी ठरवलं, पोरांचं प्रदर्शन भरवायचं. प्रत्येकाने स्वतः एक प्रोग्राम लिहायचा आणि आईबापांसमोर चालवून दाखवायचा. वर्षभर फी भरून आपलं पोर वर काय दिवे लावतं, हे घरच्यांना कळायला नको?

आम्ही तेव्हा सी भाषेत इफ, एल्स इफ, एल्स या साखळीपर्यंत पोचलो होतो. मी ते मराठीतच शिकवायचे. जर, नाहीतर जर, नाहीतर. आणि उदाहरण एसटीच्या कंडक्टरचं. कंडक्टर येतो, विचारतो, पास आहे का? असेल तर पुढे सरकतो. नसेल तर, पोरगं अगदी लहान आहे का? फुकट. तेही नसेल तर, बारा वर्षांच्या आतलं आहे का? अर्धं तिकीट. नाहीतर पुरं. आता मला सांगा, त्याने बाराचा प्रश्न आधी विचारला तर? अंगावरच्या पोराचंही अर्धं तिकीट फाडेल, कारण अंगावरचं पोरही बाराच्या आतलंच असतं. कॉम्प्युटर तसाच आहे, मेल्यांनो. वरून खाली येतो. एका ठिकाणी ‘हो’ मिळालं की तिथलं काम उरकून साखळीच्या बाहेर. खालच्या प्रश्नांकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, ते डोकं लावून ठरवा.

सगळे माना डोलवायचे. भावेश सगळ्यात जोरात डोलवायचा.

भावेश साखरशेतचा. बारावी झालेला, वर्गात सगळ्यात हुशार आणि सगळ्यात घाईचा. त्याचे वडील भिका गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. घरात नोकरी आलेली, पण शेती सुटलेली नाही. भात आणि नागली त्याची आई गोजाबाईच बघायची. भावेशने आपला प्रोग्राम मला आधी दाखवला नाही. ‘‘मॅडम, त्या दिवशीच बघा,’’ म्हणाला. ‘‘एकदम गंमत आहे.’’ मी म्हटलं, बघते तुझी गंमत.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून जिना माणसांनी भरून गेला. कुणी कापणी सोडून आलेलं, कुणी बाजाराची पिशवी घेऊन. तनवीरने बेरीज-वजाबाकी दाखवली, शायस्ताने परीक्षेचा निकाल लावून दाखवला. लोक टाळ्या वाजवत होते. मग भावेश उठला, मधल्या मशीनवर बसला आणि म्हणाला, ‘‘माझ्या प्रोग्रामचं नाव डॉक्टर. तो प्रश्न विचारेल, तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं. शेवटी तो तुमचा आजार सांगेल. कोण येतं?’’

हशा पिकला. पुढे कुणी येईना. तेवढ्यात मागून भिका गुरुजी म्हणाले, ‘‘अरे, घरचाच पेशंट आहे की! तुझ्या आईचं पहाटेपासून पोट दुखतंय. तिलाच तपास.’’

गोजाबाईला बायकांनी हाताला धरून पुढे आणलं. नवं लुगडं, केसांत फूल, चेहरा मात्र ओढलेला. ती खुर्चीत बसली आणि लाजून हसली. ‘‘मना काय नाय झाला,’’ ती म्हणाली. ‘‘पण विचार तुझ्या डाक्टरला. बघू दे त्याला तरी कळतं का.’’

भावेशने बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न उमटला आणि त्याने तो मोठ्याने वाचला. ‘‘पोटात दुखतं का?’’

‘‘दुखतंय,’’ गोजाबाई म्हणाली.

त्याने ‘हो’ दाबलं. लगेच उत्तर आलं. ‘‘पित्त झाले आहे. सोडा घ्या. आराम करा.’’

टाळ्यांनी पत्रा हलला. एका प्रश्नात निदान! गुरुजींची छाती फुगली. त्यांनी कुणालातरी खाली पिटाळलं, ‘‘जा रे, सोड्याची बाटली आण, डॉक्टरांनी लिहून दिलीय.’’ पुन्हा हशा. मीही हसले, खोटं कशाला सांगू? पोरगं माझं होतं, कौतुक माझंही होतं.

मग गुरुजी म्हणाले, ‘‘आत काय लिहिलंयस ते दाखव सगळ्यांना.’’ भावेशने प्रोग्राम पडद्यावर उघडला. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून वाचायला लागले. सवयच ती, पोराने लिहिलेलं दिसलं की चुका शोधायच्या. पहिली ओळ, जर पोटात दुखतं, तर पित्त. नाहीतर जर डोकं दुखतं, तर ऊन लागलं. नाहीतर जर ताप, तर रक्त तपासा. खोकला, खरूज, दात. आणि अगदी खाली, शेवटून दुसरी ओळ: नाहीतर जर पापण्या जड होतात, डोळे उघडे राहत नाहीत, तर झोपेत मण्यार चावली असेल, खूण दिसत नाही, पोटात दुखते, ताबडतोब सरकारी दवाखाना.

माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, अरे गाढवा! स्वतःच लिहितोस की मण्यार चावली की पोटात दुखतं, आणि पोटाचा प्रश्न सगळ्यात वर? मण्यारीचा माणूस पहिल्याच ओळीला ‘हो’ म्हणणार आणि सोडा पिऊन घरी जाणार! तुझी ती खालची ओळ आयुष्यात कधी चालणार नाही!

‘‘हे कुठून आणलंस?’’ मी विचारलं.

‘‘एसटी स्टँडच्या भिंतीवर सापांचा कागद लावलाय ना मॅडम, त्यावरून. बाकीचं घरातलं, गावातलं. जे जास्त लोकांना होतं ते वर घेतलं, म्हणजे उत्तर पटकन येतं. मण्यार काय रोज चावते? म्हणून ती खाली.’’

मी त्याला झाडायला तोंड उघडलं आणि सहज गोजाबाईकडे पाहिलं.

ती पडद्याकडे बघत होती. पण मान मागे टाकून, हनुवटी वर करून बघत होती. खुर्चीत बसून, पडदा समोर असताना माणूस असं का बघेल? मी वाकून तिच्या तोंडाजवळ गेले. तिच्या पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या होत्या. डोळे उघडता येत नव्हते, म्हणून ती पापण्यांच्या खालून बघत होती.

या अल्लाह!

‘‘गोजाबाई, डोळे उघडा. पुरे उघडा.’’

‘‘झोप येतेय बाई,’’ ती म्हणाली. शब्द तोंडातल्या तोंडात घोळत होते. ‘‘कापणीचा शीण हाय.’’

मी ताठ उभी राहिले आणि ओरडले, ‘‘गुरुजी, हिला आत्ता दवाखान्यात न्या! हिला मण्यार चावलीय!’’

मग एकजण हसला, मग दुसरा. त्यांना वाटलं हाही प्रदर्शनाचा भाग. गुरुजींनी मात्र भुवया चढवल्या. ‘‘मॅडम, काहीतरीच काय? साप चावला तर माणसाला कळणार नाही?’’ त्यांनी बायकोचे हात उलटेसुलटे करून पाहिले, पावलं पाहिली. ‘‘दंश कुठाय? दाखवा मला. आणि तुमच्याच मशीनने आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं ना, पित्त आहे म्हणून?’’

‘‘मशीनला काय कळतंय, डोंबल! त्याने पुढचं विचारलंच नाही!’’

‘‘म्हणजे वर्षभर फी घेऊन तुम्ही पोरांना चुकीचं शिकवलं?’’

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्यात गोजाबाई स्वतः, मान मागे टाकून, जड जिभेने मलाच समजावायला लागली, ‘‘माज्या पोराचा कम्पुटर हाय बाई. तो कसा खोटा बोलेल?’’

एका माणसाचा जीव चालला होता आणि अख्खी खोली माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तशी बघत होती. मी हारुनला जिन्यावरून हाक मारली, ‘‘जीप काढ! विचारू नकोस, काढ!’’ पण गुरुजी बायकोच्या खुर्चीसमोर हात पसरून उभे. नवऱ्याने नाही म्हटल्यावर तिला हात कोण लावणार? त्यांचा विश्वास माझ्यावर नव्हता, पोराच्या मशीनवर होता. ठीक आहे, म्हटलं. मशीनकडूनच ऐका.

‘‘भावेश, ती पापण्यांची ओळ उचल आणि सगळ्यात वर टाक.’’

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं.

‘‘टाक म्हणते ना!’’

त्याने ओळी उचलल्या, वर आणून टाकल्या, बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी. चूक. पुन्हा दाबलं. पुन्हा चूक. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘बंद पडला वाटतं डॉक्टर.’’ मी पडद्याकडे पाहिलं. साधी गोष्ट होती. खालून उचललेली ओळ ‘नाहीतर जर’ने सुरू होत होती, आणि आता तिच्यावर काहीच नव्हतं. कशाच्या नाहीतर?

‘‘वरचा एल्स काढ! आणि पोटाच्या इफच्या आधी लाव! लवकर!’’

त्याने काढला, लावला, दाबलं. चाललं.

‘‘आई,’’ त्याने वाचलं, ‘‘पापण्या जड होतात का? डोळे उघडे राहत नाहीत का?’’

गोजाबाईने उत्तर दिलं नाही. तेवढ्यात खालून सोडा आला होता आणि कुणा बाईने तो तिच्या तोंडाला लावला होता. सोडा आत गेलाच नाही. ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि नव्या लुगड्यावर सांडला. तिला गिळता येत नव्हतं. भावेशने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःच ‘हो’ दाबलं.

पडद्यावर अक्षरं आली आणि त्याने ती मोठ्याने वाचली. मण्यार. खूण दिसत नाही. ताबडतोब सरकारी दवाखाना.

गुरुजींनी ते वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द. मग त्यांनी पुन्हा वाचलं. तेच गुरुजी, तीच बायको, तेच मशीन. फक्त एक ओळ खालून वर गेली होती. ते नुसते बाजूला झाले.

आणि तेव्हा गोजाबाई उठली. इतका वेळ पेंगत असलेली बाई एकदम उठली आणि जिन्याकडे धावली. पायांत बळ नव्हतं, भिंतीला धरून धावली. खाली हारुनची जीप दवाखान्याच्या बाजूला तोंड करून उभी होती, आणि ती उलट्या बाजूला, स्टँडकडे निघाली. आम्ही तिला धरलं. तिने मला ढकललं, भावेशच्या हाताला चावली. काहीतरी बोलत होती, पण जीभ वळत नव्हती, नुसता घोगरा आवाज. मी म्हटलं, दवाखान्याला घाबरतेय. गावच्या बायका घाबरतातच. चौघांनी उचलून तिला जीपमध्ये घातलं. मी तिचे दोन्ही हात दाबून धरले होते, आणि मोठ्याने म्हणत होते, काही नाही होत, गोजाबाई, काही नाही होत.

दवाखाना जवळच. पोचेपर्यंत तिचे हात ढिले पडले. ती शांत झाली असं मला वाटलं. शांत कसली! श्वास बंद पडायला लागला होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिच्या पापण्या वर करून सोडल्या, त्या धपकन खाली पडल्या. त्यांनी दुसरं काही बघितलंच नाही. घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा जोडला आणि हुमा सिस्टरच्या हातात दिला. ती फुगा दाबायची तेव्हा गोजाबाईची छाती वर यायची. इकडे सलाईनमधून सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं. सगळं चालू असताना डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, ‘‘रात्री झोपली कुठे होती?’’

‘‘खाली,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘जमिनीवर. पडवीत.’’

‘‘एकटीच?’’

गुरुजींनी भावेशकडे पाहिलं.

‘‘मी विचारतोय, शेजारी कोण झोपलं होतं?’’

‘‘प्रतिभा,’’ गुरुजी म्हणाले.

प्रतिभा म्हणजे भावेशची धाकटी बहीण. तिसरीत होती. मी तिला एकदाच पाहिलं होतं, भावासोबत क्लासला आली होती आणि दिवसभर पडद्यावर स्वतःचं नाव लिहीत बसली होती.

‘‘मग ती कुठाय?’’ डॉक्टरांनी आता मान वर केली होती.

‘‘घरी. तिच्याही पोटात दुखत होतं पहाटे. म्हणून तिला आणली नाही, झोपवून आलो.’’ गुरुजी भिंत धरून खाली बसले. ‘‘मीच सोडा दिला तिला. म्हटलं पित्त असेल.’’

मला ओरडायचं होतं. आयुष्यात मी इतकी कधी संतापले नव्हते, आणि पहिल्यांदाच तोंडातून आवाज निघेना. कारण मला गोजाबाईचे ते हात आठवले, जे मी दाबून धरले होते. ती दवाखान्याला घाबरली नव्हती. पडद्यावर मण्यार हा शब्द पोराने वाचला आणि त्या खोलीत एकट्या तिला कळलं होतं की घरी अजून एकजण आहे. ती साखरशेतची गाडी पकडायला धावत होती. आणि आम्ही चौघांनी मिळून तिला उचललं होतं.

हारुनने जीप कशी चालवली ते त्यालाच माहीत. मी, भावेश, आणि दुसरा फुगा घेऊन हुमा सिस्टर. गोजाबाईजवळची आपली जागा तिने आमच्यामागून आलेल्या तनवीरला देऊन त्याला दाबायचं शिकवलं होतं. वाटेत दोन्ही बाजूंना पिकलेलं भात होतं, लोक वाकून कापत होते, आमची जीप बघून हात वर करत होते. भावेश एकच वाक्य बोलत होता. ‘‘मॅडम, मी पोट वर घेतलं. मी पोट वर घेतलं, मॅडम.’’

‘‘गप बैस!’’ मी त्याच्यावर खेकसले. ‘‘तुझ्या बापाने पहाटे सोडा दिला तेव्हा तुझा कॉम्प्युटर तिथे नव्हता. पोट वर तू नाही घेतलंस. ते तुझ्या घरात वरच होतं, माझ्याही घरात वरच आहे.’’

त्याला ते ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही.

घराला बाहेरून कडी होती. कोंबड्या आत जाऊ नयेत म्हणून लावलेली. शेजारची कोंडी म्हातारी अंगणात नागली निवडत होती. म्हणाली, ‘‘पोर निजलीय. मी दोनदा हाक मारली, ओ देत नाय. म्हटला, निजू दे, पोट दुखत होता बिचारीचा.’’

ती पडवीतच होती. त्याच गोधडीवर. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. अंग गरम होतं. भावेशने तिला उताणी केलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, ‘‘प्रतिभा, डोळे उघड. जड झालेत का गं? सांग ना, जड झालेत का?’’ आता विचारत होता.

सिस्टरने तोंडावर मास्क दाबून फुगा दाबायला सुरुवात केली. साखरशेत ते जव्हार ती थांबली नाही. तिचे हात दुखले की मी दाबायचे, माझे दुखले की भावेश. छाती वर येत होती, खाली जात होती. बघणाऱ्याला वाटलं असतं पोर झोपलीय.

दवाखान्यात तिला आईच्या शेजारच्या खाटेवर ठेवलं. दुसरी जागाच नव्हती. दोन्ही खाटांमध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढंच अंतर. डॉक्टर बराच वेळ तिच्यावर वाकून होते. छाती दाबली, सुई दिली, पुन्हा दाबली. मग त्यांनी हुमा सिस्टरच्या हातावर हात ठेवला आणि फुगा थांबवला.

‘‘गेली रे माझी पोर!’’ गुरुजींनी हंबरडा फोडला. ‘‘भावेश, प्रतिभा गेली रे! माझ्या हाताने सोडा दिला मी तिला!’’ ते दोन्ही खाटांच्या मध्ये जमिनीवर पडून रडत होते. कुणी त्यांना उठवलं नाही. शेजारी गोजाबाई तशीच पडलेली, पापण्या मिटलेल्या, चेहऱ्यावरची एक रेघही हलत नव्हती, आणि तनवीर रडत रडत तिचा फुगा दाबत होता. मी मनात म्हटलं, बरं आहे, हिला तरी काही कळत नाहीये.

गोजाबाई जगली. माझ्या क्लासच्या पोरांनी पाळ्या लावून तिला श्वास दिला. पोरी दिवसा, पोरं रात्री. शायस्ताच्या अब्बांनी स्वतः लेकीला डबा आणून दिला आणि म्हणाले, खाऊन घे आणि पुन्हा दाबायला बस. हळूहळू औषध लागू पडलं. आधी पापण्या हलल्या, मग बोटं. मग एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आज नळी काढतो. दुपारपर्यंत बोलायला लागेल. पण तिला धक्का बसेल असं काही इतक्यात सांगू नका.

आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो. गुरुजी, भावेश आणि मी. प्रतिभाला माती देऊन झाली होती. आता आईला काय सांगायचं?

गुरुजी म्हणाले, ‘‘तिने विचारलं, प्रतिभा कुठाय, तर सांगू, खोडाळ्याला मावशीकडे ठेवलीय.’’

‘‘नाही पटलं तर?’’ मी म्हटलं.

‘‘तर सांगू, तिलाही थोडं विष चढलंय, नाशिकला नेलंय.’’

‘‘आणि म्हणाली, मला तिकडे न्या, तर?’’

‘‘तर डॉक्टर सोडत नाहीत म्हणू.’’

असं आम्ही एकेक रचत होतो. काय बोलेल आणि त्यावर काय बोलायचं. भावेश इतका वेळ फरशीकडे बघत होता. तो म्हणाला, ‘‘सगळ्यात वाईट प्रश्न आधी धरा. तिने सरळ विचारलं, जिवंत आहे का, तर?’’

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरने आतून हाक मारली, तेव्हा आम्ही तसेच उठलो.

गोजाबाई उशीला टेकून बसली होती. डोळे पूर्ण उघडे. शेजारच्या खाटेवर धुतलेली चादर घडी करून ठेवली होती. भावेश तिच्या पायांशी उभा राहिला, पुढे जाईना. गुरुजींनी घसा साफ केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

ती प्रतिभा कुठाय म्हणून विचारेल, मावशीचं नाव काढेल, रडेल, आमच्यावर ओरडेल, या सगळ्याची तयारी आम्ही करून आलो होतो. तिने काहीच विचारलं नाही. तिने हात हळूच उचलला आणि नवऱ्याला थांबवलं.

‘‘नको सांगू काय,’’ ती म्हणाली. नळीने घसा सोलला होता, आवाज जेमतेम येत होता. ‘‘डोळे मिटले होते, पण मी जागीच होते. मना सगळा ऐकू येत होता.’’

मग तिने शेजारच्या खाटेवर हात ठेवला.

‘‘हात हलत नव्हता,’’ ती म्हणाली. ‘‘नायतर धरली असती तिला.’’